संकटाच्या काळात आतून कशानं सावरलं? तुमचे अनुभव लिहा

नीराकाठची
काल माळ्यावरून दिंडीची मोठी पातेली खाली काढली, कल्हई करून घ्यायची होती, तर एका पातेल्यात जून २०२० चा पेपर निघाला. तो वाचत बसले आणि सगळं आठवलं, म्हणून हा धागा.

आमच्याकडे दरवर्षी माउलींच्या सोहळ्यातली परभणीकडची एक दिंडी उतरते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून तीच माणसं. नीरेत पादुकांचं स्नान झालं की पालखी सातारा जिल्ह्यात येते आणि मग लोणंदचा मुक्काम, तिथी कशी पडते त्यावर एक किंवा दोन. त्या दिवसांत आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसते, चुली पेटलेल्या, ओली धोतरं दोरीवर, कोणी पाय चेपून घेतंय, कोणी भाकरी थापतंय.

२०२० ला प्रस्थान झालं पण पादुका आळंदीतच राहिल्या, दशमीला ३० जूनला एसटीनं पंढरपूरला नेल्या, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं असेल. आमच्या घरी त्या वर्षी मे महिन्यात सासूबाई गेल्या. कोरोना नव्हता, हार्ट. पण दहाव्याला चार माणसं, त्यांचे भाऊ जिल्ह्याच्या हद्दीवरून परत गेले. मिस्टरांची शिरवळची कंपनी बंद. आबा, म्हणजे सासरे, बोलायचेच बंद झाले. जेवायला बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. मला रात्री झोप नाही, छातीत धडधड, उठून दाराच्या कड्या तपासायच्या.

ज्या दिवशी लोणंदचा मुक्काम पडला असता त्या दिवशी संध्याकाळी फोन आला, दिंडीच्या वीणेकरी बाबांचा. म्हणाले, आबा, आज तुमच्या अंगणात हरिपाठ असतो, टाळ घ्या आणि फोन स्पीकरवर टाका. आबा उठले. खुंटीवरचे टाळ काढले, मला म्हणाले पोरांना बोलाव. आम्ही पाचजण अंगणात एका रांगेत उभे, फोन तुळशीकट्ट्यावर. नेटवर्क असं की बाबांचा आवाज उशिरा यायचा, आमचं एक चरण संपायचं तेव्हा तिकडून तेच ऐकू यायचं, टाळ काही शेवटपर्यंत जुळले नाहीत. पण आबा पावली टाकायला लागले. सासूबाईंची जागा असायची तिथं कोणी उभं राहिलं नाही, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

त्या रात्री मला झोप लागली. दुःख गेलं असं अजिबात नाही म्हणत मी. दुसऱ्या दिवशीही मिस्टरांना काम नव्हतंच. पण रोज संध्याकाळी हरिपाठ सुरू झाला तो आजतागायत आहे, आणि मला वाटतं तेव्हा आम्हाला विचार करायला सांगितलं असतं तर जमलं नसतं, उभं राहून म्हणायला सांगितलं ते जमलं.

तुम्हाला कशानं सावरलं ते लिहा. देव मानणारे, न मानणारे, सगळेच. छोटंसं असलं तरी चालेल.

कोयनेची_लाट
ताई रडवलंत. कुकर लावून येते, मग लिहिते.

तरडगावचं_माहेर
अगं तू लोणंदची का!! माझं माहेर तरडगाव. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण आमच्या शेताच्या बांधावरून दिसायचं, आजी आम्हाला पहाटेपासून जागा धरून बसवायची. २०२० ला माझा भाऊ एकटाच त्या जागी जाऊन नारळ फोडून आला होता. घरचे ओरडले त्याला, बाहेर कशाला गेलास म्हणून, पण आई काही बोलली नाही.

माळवद
वय झालं, फोनवर टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. आमच्या भागात दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर मातीचा हात हात जाड थर, उन्हाळ्यात घर गार राहतं म्हणून. तेच अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर, त्या पट्ट्यात जवळपास दहा हजार माणसं गेली. माझी दोन माणसं गेली, त्यावर जास्त लिहीत नाही.

पुढचं कोणी फारसं सांगत नाही ते सांगतो. आम्ही पत्र्याच्या शेडमधी राहिलो. बाहेरून मदत भरपूर आली, धान्य, कपडे, भांडी, काही कमी नव्हतं. पण पहाट झाली की माणसं वेडी व्हायची. तीन वाजले की एकेक उठून बाहेर. लहान लेकरं झोपेत किंचाळायची. बायका अंगावर गोधडी घेऊन उघड्यावर बसायच्या, उजाडेपर्यंत कोणी आत जायचं नाही. भूकंपाचे छोटे हादरे चालूच होते, त्यामुळं पत्रा वाजला तरी पळापळ. त्या एका तासाला सगळं गाव भ्यायचं.

मग कोजागिरी आली. आमच्याकडं कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो. देऊळच पडलेलं, मूर्तीही ढिगाऱ्यात. माझ्या चुलत्यानं शेडच्या मधल्या मोकळ्या जागेत पाट मांडला, त्यावर विठ्ठलाचा कॅलेंडरवरचा फोटो. मृदंग नव्हता, मदतीत आलेलं स्टीलचं पातेलं घेतलं वाजवायला. आणि चार वाजायच्या आत काकडा सुरू. पहिल्या दिवशी पाचसहा म्हातारी माणसं. आठवड्यात सगळी शेडं यायला लागली. बघा, माणसं त्या वेळेला जागीच असायची. भीतीनं जागी होती, आता काकड्याला जागी झाली. वेळ तीच, अंधार तोच. माझी आजी म्हणायची, आता तीन वाजायची वाट बघते मी.

कोणी म्हणेल ज्या देवानं हे केलं त्यालाच आळवता. माझा थोरला भाऊ तेच म्हणायचा, फार चिडलेला होता, आणि त्याचं चुकलं असं मी कधी म्हणालो नाही. तो भजनाला बसायचा नाही. पण काकडा सुरू असताना शेडच्या कोपऱ्यावर उभा राहून शेवटपर्यंत ऐकायचा. नंतर चहा तोच करायचा सगळ्यांना, मोठ्या पातेल्यात, गूळ घालून.

लेकरांचं किंचाळणं कार्तिकी होईस्तोवर बरंच कमी झालं. मी शिक्षक होतो, मला वर्गात दिसायचं कोण झोपून आलंय.

कोयनेची_लाट
कुकर झाला पण आता काय लिहू. सर, तुमच्या भावाचा चहा डोळ्यापुढून जात नाहीये.

नीराकाठची
सर, नमस्कार करते. आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले त्या माणसाला विचार, आता काकडा कुठं होतो, नवीन गावात देऊळ बांधलं का.

माळवद
बांधलं. पुनर्वसनाच्या गावात रस्ते रुंद, घरं लांब लांब, त्यामुळं पहिली काही वर्षं माणसं लवकर जमायची नाहीत. आता लाउडस्पीकर आहे. आबांना राम कृष्ण हरी सांगा.

शांत_डोह
मी थोडं वेगळं लिहितो. वारी वगैरे घरात कधी नव्हती, पुण्यात वाढलो, आयटीत आहे. लग्न मोडलं, कोर्टाच्या तारखा, त्यात प्रोजेक्ट बंद, मुलगी आईकडे. रविवारी तिला भेटून परत आलो की गाडी पार्किंगमध्ये लावून तासन्तास आतच बसून राहायचो, वर घरात जायची इच्छाच नाही. एका मित्रानं इगतपुरीचा विपश्यनेचा फॉर्म भरायला लावला, धम्मगिरी, जे गोएंका गुरुजींनी १९७६ ला सुरू केलं ते. दहा दिवस बोलायचं नाही, फोन जमा, वही पेन पण नाही, पहाटे चारला घंटा, अकराला जेवण आणि मग संध्याकाळी पाचला नवीन लोकांना चहा, फळं, चुरमुरे, बस. फी नाही, शेवटी ज्याला द्यायचं त्यानं दान द्यायचं.

मला वाटलेलं डोळे मिटले की शांत वाटेल. कसलं काय. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुडीखालची जागा, आणि माझ्या डोक्यात कोर्टातला वकील, तिची आई, माझा मॅनेजर सगळे एकदम बोलायला लागले, इतका आवाज मी बाहेरच्या जगात कधी ऐकला नव्हता. गुडघे पेटलेले. पावसाळा होता, इगतपुरीचा पाऊस माहितीये ना, पत्र्यावर असा कोसळतो की शेजारचा शिंकला तरी ऐकू येत नाही. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि मग तासभर हलायचं नाही अशा बैठका सुरू होतात. एका बैठकीत पाय इतका दुखला की आता मोडतोय असं वाटलं, आणि तो दुखता दुखता बदलायला लागला, मधेच कमी, मधेच मुंग्या, मधेच काहीच नाही. मी फक्त बघत होतो. आणि मला एकदम दिसलं की रविवारी गाडीत बसतो तेव्हा जे छातीत होतं तेही असंच आहे, येतं, वाढतं, उतरतं, पण मी ते उतरेपर्यंत कधी थांबलेलोच नाही, लगेच फोन काढतो, भांडण उकरून काढतो. खूप रडलो त्या दिवशी, आवाज न करता, शेजारचे पण रडत असावेत कारण नाकं ओढल्याचे आवाज येत होते.

परत आल्यावर आयुष्य तेच होतं. केस अजून बराच काळ चालली. पण सकाळी बसतो, रोज. मुलगी आता मोठी झालीये, ती आली की माझ्याशेजारी बसते, डोळे उघडे ठेवून, मला बघत.

एक सांगतो, कोणी फार डिप्रेशनमध्ये असेल, औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. शिबिराच्या फॉर्ममध्ये पण विचारतात, लपवू नका. दहा दिवस गप्प बसणं सगळ्यांना सगळ्या वेळी झेपत नाही.

मोगरा७७
@शांत_डोह पाठीचा त्रास असेल तर खुर्ची मिळते का? आणि नवराबायको एकत्र जाऊ शकतात का, की वेगळं ठेवतात?

शांत_डोह
खुर्ची मिळते, आधी सांगायचं. जाऊ शकता एकाच शिबिराला पण पुरुष महिला सगळं वेगळं, राहणं जेवण फिरायची जागा, दहा दिवस एकमेकांशी बोलणं नाही.

मोगरा७७
आमच्या ह्यांना हे ऐकून लगेच जायचंय :-) फॉर्म भरते.

तरडगावचं_माहेर
मोगरा हाहाहा.

वर्षावासातली_लेक
मी नागपूरची. खूप वेळ विचार केला लिहू की नको कारण इथं विठ्ठल माउली चाललंय आणि आमच्या घरी देव नाही. मग ताईंनी लिहिलंय न मानणारे पण, म्हणून.

आमच्या घरी संध्याकाळी वंदना. त्रिशरण पंचशील. लहानपणी मला कंटाळा यायचा, खरंच, कार्टून बुडायचं. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, पांढरं धोतर उसनं आणून नेसले होते, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकलेली. ते म्हणायचे त्या दिवशी आम्ही सगळे एकदम उभे राहिलो, बस एवढंच सांगायचे आणि गप्प व्हायचे.

माझ्या बाबांना कॅन्सर झाला तेव्हा मी नोकरी सोडून घरी आली. सरकारी दवाखाना, पहाटे जाऊन नंबर लावायचा, केमो झाली की ऑटोत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन यायचं. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतात, अश्विन पौर्णिमेपर्यंत. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात, पांढऱ्या साड्या, लहान लेकरं मधेमधे पळत असतात. बाबा दरवर्षी वाचायचे, त्यांचा आवाज खणखणीत. त्या वर्षी त्यांना बसवत नव्हतं तर विहारातल्या बाया म्हणाल्या, तू वाच, तुझ्या बाबाच्या पाळीला तू वाच.

मी गेली. पहिल्या दिवशी आवाज फुटेना. शेजारच्या मावशीनं पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली थांबून थांबून वाच, आम्हाला कुठं जायचं आहे. जरा मरण हे प्रत्येकाला आहे हे मी मोठ्यानं वाचत होती आणि समोर बसलेल्या प्रत्येक बाईच्या घरी कोणीतरी गेलेलं होतं हे मला माहीत होतं. कोणी डोळे पुसले नाहीत. सगळ्या माना हलवत होत्या, अगदी शाळेत हजेरी घेतल्यावर पोरं हो म्हणतात तशा. मला तिथं जे वाटलं ते कसं सांगू. दवाखान्यात मी एकटी होती, इथं नव्हती. आणि कोणी मला खोटं सांगत नव्हतं की बाबा बरे होतील.

घरी आली की बाबा विचारायचे आज कुठपर्यंत आलं. मग मी तेवढाच भाग परत त्यांना वाचून दाखवायची. ते पुस्तक पूर्ण ऐकून गेले. आता त्यांच्या पाळीला मीच वाचते.

माळवद
लेकी, इथं लिहिलंस, फार बरं केलंस. तुझे आजोबा 'सगळे एकदम उभे राहिलो' म्हणायचे, ते मी आमच्या शाळेतल्या पोरांना सांगणार आहे.

नीराकाठची
बाई गं. तुझ्या घरी देव नाही म्हणून लिहू की नको असं वाटायला नको होतं, मीच पहिल्या पोस्टमध्ये नीट लिहायला हवं होतं का कोण जाणे. तू लिहिलंस ते दोनदा वाचलं. 'आम्हाला कुठं जायचं आहे' म्हणणाऱ्या मावशीला माझा नमस्कार.

वाशिष्ठी
चिपळूणहून. २०२१.

एप्रिलमध्ये रमजान सुरू झाला आणि त्याच दिवसांत अब्बा गेले. मशिदी बंद, तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, घरीच. घरात इमाम व्हायचं कोणी तर माझा धाकटा भाऊ, तेव्हा कॉलेजात, त्याला छोट्याच सूरा पाठ. तो पुढे उभा राहायचा आणि मधेच थांबायचा, रडू यायचं त्याला, आणि आम्ही मागे तसेच उभे, वाट बघत. मग तो परत सुरू करायचा. अम्मी म्हणाली त्याला मधे कोणी आठवण करून देऊ नका, त्याचं त्याला येऊ दे.

मग बकरी ईद २१ जुलैला आणि दुसऱ्या दिवशी २२ ला पूर. रात्रभर पाऊस, पहाटे बाजारपेठेत पाणी, सकाळी आमच्या जिन्यापर्यंत. दुकान खालीच होतं, कापडाचं, ते गेलंच. खालच्या मजल्यावरच्या काकू, काका आणि त्यांचा नातू आमच्या माडीवर. काकूंनी येताना कपडे नाही आणले, दागिने नाही, देवघरातला बाळकृष्ण स्टीलच्या डब्यात घालून आणला, वर झाकण घट्ट. ईदचं मटण घरात होतं, अम्मीला टेन्शन की काकू शाकाहारी, त्यांना काय द्यायचं. काकूच म्हणाल्या पोहे आहेत का, मग पोहे. गॅस होता नशिबानं.

लाइट नाही, फोन बंद, अंधार आणि खाली पाण्याचा आवाज, घरातलं फर्निचर भिंतींवर आपटतंय तो आवाज. त्या रात्री अम्मीच्या हातात तसबीह आणि काकूंच्या हातात जपमाळ, दोघी एकाच गादीवर भिंतीला टेकून. मी मधे पडले होते. दोन वेगळ्या लयी ऐकू येत होत्या मण्यांच्या. मला आठवतं मी त्या आवाजात झोपले, अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा नीट झोपले असेन.

पाणी उतरल्यावर गाळ, गुडघ्याएवढा, आणि तो वास. बाहेरून किती मुलं आली गाळ काढायला, कोल्हापूर सांगलीची पण होती, म्हणाली २०१९ ला आमच्याकडे लोक आले होते. भावानं त्यांच्याबरोबर सगळ्या गल्लीचा गाळ काढला. संध्याकाळी नमाजला उभा राहिला तेव्हा तो थांबला नाही. सलग पढला.

कोयनेची_लाट
बाळकृष्ण डब्यात 🙏 काकू कशा आहेत आता?

वाशिष्ठी
मजेत! नातवाचं लग्न ठरलंय. अम्मीला आत्तापासून साडी कुठली नेसायची याचं टेन्शन.

परदेशी_पारवा
नर्स आहे, इंग्लंडला. ब्रेकमध्ये लिहिते. २०२० ला गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आमच्यासाठी टाळ्या वाजवायचे ना, तेव्हा मी बहुतेक वेळा बसमध्ये असायचे, रिकामी बस, दोन्ही बाजूंनी टाळ्या आणि भांड्यांचा आवाज, आणि मला त्याची भीती वाटायची कारण आता वॉर्डात जायचंय. माझी आजी गोंदवलेकर महाराजांचं नाम घ्यायची. श्रीराम जय राम जय जय राम, तेरा अक्षरं. मी कधी केलं नव्हतं मनापासून. तिकडे पीपीई चढवताना एकेक गोष्ट क्रमानं करावी लागते, चुकलं तर धोका, तेव्हा मी एकेका पायरीला नाम घ्यायला लागले. गाऊन, नाम. मास्क, नाम. ग्लव्हज. हात थरथरायचे थांबले. एका आजोबांचा हात धरून बसले होते रात्री, त्यांच्या घरच्यांना येता येत नव्हतं, ते ख्रिश्चन, मी माझं नाम मनात घेत होते आणि ते ओठ हलवत त्यांचं काहीतरी म्हणत होते. पहाटे गेले. ब्रेक संपला, येते.

नीराकाठची
ये गं. काळजी घे.

द्राक्षवेल
निफाड. मार्च २०१४ ची गारपीट. बाग काढणीला आलेली, व्यापाऱ्याशी सौदा झालेला. वीसेक मिनिटं पडली असेल. सगळे घड खाली, काडी फुटलेली, म्हणजे पुढच्या वर्षाचं पण गेलं. सोसायटीचं कर्ज, मजुरांचे द्यायचे, बहिणीचं लग्न ठरलेलं. तेव्हा मनात काय काय आलं ते इथं लिहीत नाही, समजून घ्या.

माझे वडील निवृत्तीनाथांच्या पालखीला जाणारे. त्यांनी मला उपदेश केला नाही. संध्याकाळी बागेत आले, उपडी बादली घेऊन माझ्याजवळ बसले. रोज यायचे. काही बोलायचे नाहीत, कधी विडी, कधी हळूच एखादा अभंग स्वतःपुरता. रात्री माझ्या खोलीबाहेर खाट टाकून झोपायचे, मला कळायचं का ते. ज्येष्ठात म्हणाले चल माझ्याबरोबर, सिन्नरपर्यंत तरी. गेलो. चालताना शेजारी जो होता त्याची डाळिंब गेली होती, पुढच्याचा कांदा. कोणी विचारलं नाही तुझं किती गेलं. विचारलं, पायात चप्पल बरी आहे का. सिन्नरच्या पुढं पण गेलो मग.

कोयनेची_लाट
दादा 🙏 वडिलांनी बाहेर खाट टाकली... शब्द नाहीत.

शांत_डोह
दादा, लिहिल्याबद्दल मनापासून थँक यू. आणि हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात तसे विचार येत असतील तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्री पण. घरात कोणाला तरी सांगा, एकटं राहू नका.

बारवेचा_गाळ
मी देव मानत नाही, चार ओळी. भाऊ अपघातात गेला, धाकटा. सुट्टीचा दिवस खायला उठायचा कारण आम्ही दोघं रविवारी पोहायला जायचो. गावाबाहेर जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, कचऱ्यानं भरलेली, काही पोरं दर रविवारी साफ करायची, मी नुसता बघायला गेलो आणि कोणीतरी हातात घमेलं दिलं. साखळी करून गाळ वर द्यायचा, खालून येतं घमेलं, वर द्यायचं, खालून येतं, वर द्यायचं. दुपारपर्यंत डोकं रिकामं. महिने गेले तेव्हा खालच्या पायऱ्या लागल्या, मग एक दिवस झरा लागला. महाशिवरात्रीला पोरांनी सगळ्या पायऱ्यांवर पणत्या लावल्या, मी पण लावल्या, भावाच्या नावानं नाही, कोणाच्याच नावानं नाही, फक्त लावल्या आणि पाण्यात दिसत होत्या त्या मोजत बसलो. याला अध्यात्म म्हणायचं असेल तर म्हणा, माझी हरकत नाही.

माळवद
बारव कोणत्या जिल्ह्यात? आमच्या गावातली पण अशीच पडून आहे. भूकंपात वरचे दगड निखळलेत.

बारवेचा_गाळ
हिंगोली, सर. निखळलेले दगड काढून टाकू देऊ नका कोणाला, जागच्या जागी नंबर घालून ठेवा. आणि जेसीबी आत घालू नका काही झालं तरी, पायऱ्या तुटतात. आधी ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. पावसाळा संपल्यावर सुरू करा, आम्ही चौघं पाचजण येऊ.

माळवद
या. राहायची जेवायची सोय माझ्याकडं. दिवाळीनंतर बघू.

तरडगावचं_माहेर
@द्राक्षवेल वडील जातात का अजून पालखीला? माझे मिस्टर नाशिकलाच आहेत, त्यांना एक दिवस तरी चालायचंय, पण गुडघ्याचं ऑपरेशन झालंय गेल्या वर्षी.

द्राक्षवेल
वडील आहेत, आता गाडीत बसून सोबत येतात, मी चालतो. ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारून. नाशिक ते सिन्नर पूर्ण नका करू, पळश्यापर्यंत या, तिथून बस मिळते परत. नवे बूट घालू नका, वापरलेलेच घाला. टोपी आणि ओआरएसची पुडी खिशात.

तरडगावचं_माहेर
सांगते त्यांना. ते म्हणतायत आमच्याकडे नवेच बूट आहेत :-)

द्राक्षवेल
मग आजपासून घालून फिरायला लावा.